पाठीचा कॅम्बर

आमच्या घरात माझ्या पाठीला कॅम्बर म्हणतात. ‘कॅम्बर काय म्हणतो?’ असं बाबा चहा पिता पिता विचारतात, तेव्हा नव्या पाहुण्याला वाटतं, कुठल्यातरी गाडीची नाहीतर कुत्र्याची चौकशी चालली आहे. मी ‘बरा आहे’ म्हणते, पाहुणा अजूनच गोंधळतो. हा शब्द बाबांनी मिलमधून घरी आणला आणि तो असा रुळला की आईसुद्धा, जिला मिलमधल्या कशातच रस नाही, मी ओट्याशी फार वेळ उभी दिसले की म्हणते, बस आता, कॅम्बर दुखेल.

बाबा भंडाऱ्याकडच्या शेतीवाल्या घरातले. भिलाईला आले ते स्टील प्लांटमध्ये लागायला, आणि रेल मिलच्या कूलिंग बेडवर जे लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच. कूलिंग बेड म्हणजे लाल तापलेले रूळ निवायला पसरून ठेवतात ती जागा. तापलेला रूळ सरळ ठेवला तर निवताना वाकतो. त्याचा माथा जाड, पाया पातळ. पाया लवकर थंड होतो, माथा मागाहून होतो आणि सगळ्या रुळाला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून तो गरम असतानाच उलट्या बाजूला जरासा वाकवून ठेवायचा, की निवता निवता आपोआप सरळ येतो. या मुद्दाम दिलेल्या उलट्या बाकाला कॅम्बर म्हणतात. हे मला लहानपणी इतक्यांदा सांगितलं गेलं, की पाढ्यांच्या आधी तेच पाठ होतं. खरं तर माझ्या पाठीत जे आहे ते कॅम्बर नव्हेच. कॅम्बर हा इलाज आहे, दुखणं नाही. मी गणिताची मास्तरीण असल्यामुळे ही चूक मला खुपते, पण आता ती दुरुस्त करायला फार उशीर झाला.

पाठीच्या आधी हाताचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझा जन्म आजोळी, गावात. मी चांगली भरलेली, मोठी पोर होते. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुईणीनं ओढून काढलं म्हणून मी आहे. त्या ओढाताणीत मानेतून उजव्या हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आणि हात लुळा पडला. पुढे तो बराचसा परत आला, सगळा आला नाही. आई त्या सुईणीला अजून देवमाणूस म्हणते आणि मलाही तिच्याबद्दल तक्रार नाही. ती घाबरून हात आखडून बसली असती, तर हे लिहायला कोण उरलं असतं?

माझा उजवा हात डाव्यापेक्षा आखूड आणि बारीक आहे. छातीच्या खालच्या जगात तो पक्का आहे: कणकेची परात धरतो, स्कूटरचा हँडल सांभाळतो, भाजीची पिशवी उचलतो. छातीच्या वर त्याची हद्द संपते. केस डाव्या हातानं विंचरते, फळ्यावर डाव्या हातानं लिहिते, गणपतीचा प्रसादही डाव्याच हातानं घेते. एकदा मंडळातल्या एका आजीबाईंनी प्रसादाची वाटी मागे घेतली आणि उजवा पुढे कर म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, याला तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल, तोवर शिरा निवेल. त्यांनी वाटी दिली आणि नंतर दर वर्षी पहिली वाटी मलाच दिली. मी तेव्हा नववीत होते आणि तोंडानं अशीच होते.

पाठ सापडली त्या वर्षीच्या दिवाळीला. क्वार्टरच्या अंगणात मी रांगोळी काढत होते. बसून काढायचा मला कंटाळा, म्हणून पाय ताठ ठेवून, कमरेतून वाकून ठिपके देत होते. बाबा पहिली पाळी करून आले आणि सायकल टेकवून माझ्या मागे उभे राहिले. मला वाटलं, ठिपके चुकले. मग त्यांनी आईला बाहेर बोलावलं आणि दोघं माझ्या पाठीकडे बघत राहिली. वाकले की डावीकडची बाजू वर येत होती आणि उजवीकडची खाली राहत होती. आई म्हणाली, ही एका अंगावर झुकून चालते, सवय आहे. बाबा म्हणाले, सवय नाही. ती रांगोळी तशीच अर्धी राहिली आणि मला त्याचाच राग जास्त आला.

रायपूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रेचा फोटो काढला, उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेन्सिलीनं त्यावर दोन रेघा ओढून मधला कोन मोजला. आपल्या आत मोजण्यासारखा कोन आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि, खरं सांगते, आवडलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. उजव्या खांद्याभोवतीचे स्नायू कमजोर, डावीकडचे धडधाकट, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी नाही. शिवाय उजवा हात वर जात नाही म्हणून मी सगळं अंग वळवून काम करते. वाढत्या वयात कणा थोडा एका बाजूला गेला. जन्मतः हाताच्या नसा दुखावलेल्या लोकांमध्ये असं इतरांपेक्षा जास्त दिसतं, बहुतेकांचं थोडक्यावर थांबतं. पट्टा नको, ऑपरेशन नको. वाढ थांबेपर्यंत अधूनमधून फोटो काढायचा, पोरीला पोहू द्यायचं, खेळू द्यायचं. थोडक्यात, लक्ष ठेवायचं आणि बाकी काही करायचं नाही.

परतीच्या बसमध्ये आईनं देवाचे आभार मानले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. कुम्हारी गेलं, चरोदा गेलं, तरी बघतच होते. घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता ते बोलले.

“नुसतं पाहत बसाचं म्हणते. वाकून राहिलं अन् पाहत बसाचं. आमच्या इथं असं पाहत बसलो असतो तर एक रूळ पास झाला नसता.”

आणि त्याच आठवड्यात त्यांनी इलाज काढला. पोर अजून वाढते आहे, म्हणजे अजून गरम आहे. गरम आहे तोवर उलटा बाक द्यायचा. गोधडीची घट्ट गुंडाळी करून ती माझ्या डाव्या बरगड्यांखाली द्यायची आणि मी त्या कुशीवर झोपायचं. शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर, कोणत्या ते बाबा ठरवणार. आणि रविवारी तपासणी. मी चटईवर पालथी पडायची, बाबा माझ्या पायांशी उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि पायाच्या टोकापासून मानेपर्यंत सरळ नजर टाकायचे. रुळावर नजर टाकतात तशी. मग उठून बाहेर जायचे.

मला हे अजिबात सहन होत नसे. दप्तरानं खांदा दुखायचा, गोधडीनं श्वास अडकायचा, आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे तो मिटलेला डोळा. मिलमध्ये वाकडा निघालेला रूळ बाजूला काढतात हे मला माहीत होतं. मी रडले नाही, भांडले. रूळ नाही मी, असं एकदा क्वार्टरांच्या सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आई माझ्या बाजूची. ती म्हणायची, पोरीले लोखंड समजून राहिले का तुमी? दप्तराचा हट्ट तिनं मोडून काढला, दोन्ही खांद्यांवर पट्टे आले. गोधडी मात्र राहिली. मी झोपले की बाबा येऊन ती सरकवत, मी जागी झाले की काढून फेकत असे, आणि सकाळी दोघांचीही तोंडं फुगलेली. असं आमचं बरेच दिवस चाललं.

फोटो निघत गेले. कोन बहुतेक होता तेवढाच राहिला. एका फोटोत थोडा वाढला आणि घरात कुणी नीट जेवलं नाही, पुढच्यात पुन्हा पहिल्याएवढाच भरला. शेवटी डॉक्टर म्हणाले की हिची उंची आता वाढत नाही, पाठही इथेच थांबली, आता लग्नाला आणि नोकरीच्या पेढ्यांना बोलवा, फोटो काढायला येऊ नका. बाबांनी स्टँडवर उतरून जिलबी घेतली आणि सगळ्या लाइनमध्ये वाटली. कुणी विचारलं की म्हणायचे, पोरीची पाठ सरळ आली.

सरळ कुठली आली. माझा डावा खांदा आजही वर आहे, कुडता एका बाजूला घसरतो, शिंपी दर वेळी दोनदा माप घेतो आणि दुसऱ्यांदा घेताना टेप झटकून बघतो. पण बाबांनी गोष्ट पक्की करून टाकली होती. मिलमध्ये, मंडळात, गावी लग्नाला गेलं की तिकडेही. गोधडी, गरम रूळ, उलटा बाक, पोर सरळ. ऐकणारे माना डोलवायचे. मी बाजूलाच उभी असायची, वाकडीची वाकडी, आणि कुणी माझ्याकडे बघायचंही नाही. गोष्ट ऐकली की डोळ्यांची गरज उरत नाही. मी काही बोलले नाही. गोधडी सुटली होती, कॉलेज सुरू झालं होतं, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची एक गोष्ट हिसकावून मला काय मिळणार होतं?

कॉलेज झालं, बी.एड. झालं, शाळेत लागले. तीन तास सलग फळ्यापुढे उभी राहिले की डाव्या खांद्याच्या खाली दुखतं, मग घरी येऊन फरशीवर आडवी होते, मांजर पोटावर येऊन बसतं, दुखणं जातं. एवढाच काय तो जाच. वर्गात नवी मुलं पहिल्या दिवशी हाताकडे टक लावून बघतात. मी त्यांना म्हणते, आत्ताच नीट बघून घ्या, परीक्षेत यावर प्रश्न नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मी गृहपाठ न विसरणारी बाई म्हणून त्रासदायक वाटते, आणि ते मला मान्य आहे.

आता आम्ही भिलाईतच, रुआबांध्याला, स्वतःच्या घरात राहतो. गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, एक तरुण बाई लेकीला घेऊन आली. इथल्याच खुर्सीपारला राहते, नवरा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे, माहेर गोंदियाकडचं. लेक वर्षाच्या आतली, गोरीगोमटी, आणि तिचा डावा हात अंगाशी चिकटून पडलेला. मी दारातूनच ओळखला. इतक्या वर्षांत असा दुसरा हात मी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

ती माझ्याकडे आली नव्हती. मंडळात कुणीतरी तिला सांगितलं होतं की रुआबांध्याच्या काकाजींनी आपल्या मुलीची पाठ घरच्या घरी सरळ केली. हाताचे व्यायाम हॉस्पिटलात शिकवले होते आणि ती ते इमानानं करत होती. पण तिथे बाकावर शेजारी बसलेल्या कुणीतरी म्हटलं होतं की अशा मुलांची पाठही पुढे वाकते, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. ती मराठीत सुरुवात करायची, मध्येच हिंदीत जायची आणि वाक्य कुठेच पुरं व्हायचं नाही.

बाबा एकदम तरुण झाले. गुडघे दुखतात म्हणून पाण्याचा पेला मागणारा माणूस ताडकन उठून आतून गोधडी घेऊन आला. बाईपुढे बसून तिची गुंडाळी करायला लागले. रूळ, माथा, पाया, सगळं झालं. हिला आतापासूनच कॅम्बर द्या, म्हणाले, माझ्या पोरीचं तर मोठी झाल्यावर कळलं, ही अजून किती गरम आहे बघा. बाई डोळे मोठे करून बघत होती. ती सगळं मनात लिहून घेत होती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मी गप्प राहिले असते तर त्या रात्री खुर्सीपारच्या एका खोलीत त्या तान्ह्या पोरीच्या बरगड्यांखाली गोधडीची गुंडाळी गेली असती. बोलले असते तर बाबांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी एका परक्या बाईपुढे मोडली असती. मिलची नोकरी खूप लोकांनी केली, पोरीची पाठ सरळ केलेले ते एकटेच होते. मी ट्रे खाली ठेवला.

“बाबा, गोधडीनं काई झालं नाई,” मी म्हटलं. “माही पाठ आपली आपणच थांबली. हिच्याखाली काई ठेवू नका.”

बाबांनी गुंडाळी मांडीवर ठेवली. बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाईनं हळूच विचारलं की दीदी, तुमची पाठ मग सरळ नाही का? सांगून तिला पटलं नसतं. मी ओढणी काढून खुर्चीवर टाकली, तिच्याकडे पाठ केली आणि डॉक्टर वाकायला लावतात तशी हात सैल सोडून वाकले. म्हटलं, हात लावून बघ. तिनं आधी भीतभीत बोट लावलं, मग पूर्ण तळवा ठेवला, उंच बाजूवर आणि मग सखल बाजूवर. मी तशीच वाकलेली राहून बोलत होते. याच पाठीनं मी रोज स्कूटर चालवते, शिकवते, भांडते. दुखलं की आडवी पडते. हिचीही पाठ अशी होईलच असं नाही, झालीच तर डॉक्टर वेळेवर फोटो काढून सांगतील. ती वाढेल तशी दाखवत राहा आणि तिला सगळ्यांसारखं धावू दे.

मी उभी राहिले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“दुसऱ्या फोटोच्या वक्ती मी एकटाच जाऊन डॉक्टरले इचारून आलो होतो. म्हणे, गोधडीनं फायदा नाई. पोरगी कटकट करत असन तर सोडून द्या म्हणे.”

“मंग कावून केलं?”

ते गुंडाळी उलगडायला लागले. एक घडी, दुसरी घडी.

“तू झोपली का मले तेवढं एक काम राहे,” ते म्हणाले. “दिवसभर हजार रूळ सरळ करून घरी येवो, अन् घरी पाहत बसाचं. माह्यानं नाई होत होतं ते. ती गोधडी तुह्यासाठी नोती, माह्यासाठी होती. मंग लोकायले सांगत गेलो, सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं.”

मला राग यायला हवा होता. सगळ्या त्या अर्धवट झोपा, तो दुखरा खांदा, त्या फुगलेल्या सकाळी. राग आला नाही. माझ्या पायांशी उकिडव्या बसणाऱ्या माणसाला मी इतकी वर्षं पारखणारा समजत होते, आणि तो नुसता घाबरलेला होता. मला ते तेव्हाच कळलं असतं तर मी गोधडी फेकली नसती असं मात्र म्हणणार नाही. फेकलीच असती. पण फेकताना हसले असते.

बाई अजून बसलेली होती. तिच्या लेकीनं बाबांच्या गुडघ्यावरचं गोधडीचं टोक चांगल्या हातानं धरलं होतं आणि ते तोंडात घालायची खटपट चालवली होती.

“तो हम क्या करें, काकाजी?” ती म्हणाली. “नुसतं पाहत बसाचं का?”

बाबांनी गोधडीचं टोक त्या लेकीच्याच हातात राहू दिलं.

“हव,” ते म्हणाले. “हाताचा व्यायाम सांगतला तो रोज कराचा. पाठीचं पाहत बसाचं. खूप कठीण हाये ते, पोरी. घरी बसणं नाई जमलं तर इथं येऊन बसत जा माह्याजवळ.”

पुढच्या रविवारी ती आली. बाबा जेवण लवकर उरकून बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते.